अंबरीश सरांच्या नाकाचं फिनिशिंग

स्वतःचं नाक एकदा नीट बघावं असं अंबरीश सरांनी सोमवारी सकाळी ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. त्याआधी बावन्न वर्षं ते नाक आपल्या जागी सुखात होतं. सर त्याचा उपयोग चष्मा ठेवण्यापुरता करत होते.

निमित्त झालं मध्यस्थ रोहिणीमावशीच्या फोनचं. रविवारी रोह्याची मंडळी पेणला सरांच्या लेकीला, ईराला बघायला येणार होती. (ईरा आणि अद्वय यांनी एकमेकांना वर्षभरापूर्वीच बघून ठेवलं होतं. आता फक्त मोठ्यांनी बघायचं राहिलं होतं.) फोन ठेवता ठेवता मावशी म्हणाली, "माणसं अगदी साधी आहेत हो. घरात कुणी पिणारा नको, एवढंच त्यांचं म्हणणं."

सर आरशासमोर गेले. गाल लाल, नाक त्याहून लाल आणि नाकावर भोकंच भोकं, चष्मा न लावता मोजता येतील एवढी. सर चहापलीकडे काही पीत नव्हते. पण असलं नाक घेऊन सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार? आपल्या नाकापायी लेकीचं लग्न मोडणार, या विचाराने त्यांनी आत हाक मारली.

"आसावरी, मी दारुडा दिसतो का गं?"

"चहा गाळतेय. मग सांगते," बायको आतून म्हणाली. सरांनी याचा अर्थ 'हो' असा घेतला.

मंगळवारी संध्याकाळी ते गणपतीची ऑर्डर द्यायला जवळच्या जोह्याला, मूर्तिकारांच्या गावी गेले. ऊन लागलं की चेहरा पेटायचा, म्हणून तोंडाला रुमाल बांधला होता. त्यांचा जुना विद्यार्थी काळुराम कारखान्यात एका मूर्तीच्या सोंडेवर पांढरी लुगदी थापत बसला होता.

"हे काय रे?"

"सर, साच्यातनं काढली का बुडबुड्यांची भोकं रहातात. ती भरायची, सुकली का झिरो नंबरचा पॉलिश पेपर मारायचा. ही बघा दुसरी. हात फिरवा. काय लागतंय काय?"

सरांनी हात फिरवला. सोंड लोण्यासारखी गुळगुळीत होती. सरांचे डोळे चमकले.

"घरी एक नाक... म्हणजे एक मूर्ती आहे. तिच्या नाकाला असं करता येईल?"

"करा की. किती जुनी हाय?"

"बावन्न वर्षांची."

"मंग नको, सर," काळुराम गंभीर झाला. "रगडाल तर हातात येल. इसर्जन करून टाका."

सर्जनशील माणूस असल्या सल्ल्याला भीक घालत नाही. सरांनी थोडी लुगदी कागदात बांधून घेतली आणि रात्रीच्या जेवणाआधी बाथरूममध्ये नाकावर थापली. सुकली, आणि पहिल्याच शिंकेला सगळी वॉशबेसिनमध्ये पडली. बुधवारी ते पुन्हा जोह्याला गेले आणि जास्त चिकट लुगदी आणली. ती निघता निघेना. गुरुवारी तिथूनच पॉलिश पेपर आणला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी तो ओला करून नाकावर फिरवला. (पंचवीस वर्षं आठवीच्या मुलांना 'त्वचा' हा धडा शिकवणाऱ्या माणसाने!) मूर्ती ओरडत नाहीत आणि आपण ओरडतो, हा फरक त्यांच्या तेव्हा ध्यानात आला. आसावरीने दार ठोठावून उघडायला लावलं, नाक बघितलं, हातातला कागद बघितला आणि रिक्षा बोलावली.

त्वचेच्या डॉक्टर सुरभी यांनी सगळी हकिकत ऐकून पेन खाली ठेवलं.

"सर, याला रोसेशिया म्हणतात. त्यामुळे लाली येते, रंध्रंही मोठी दिसतात. दारूचा संबंध असलाच पाहिजे असं मुळीच नाही. पण घासायचं नाही! स्क्रबसुद्धा नाही, आणि तुम्ही तर..."

"ही भोकं बंद कधी होतील?"

"रंध्रांना दारं नसतात हो बंद करायला. आधी लाली शांत करू. सौम्य फेसवॉश, उन्हात सनस्क्रीन, हे मलम. मग रंध्रं थोडी कमी दिसतील, हवं तर पुढे लेझरचं बघू. आणि कढत चहा बंद."

"रविवारपर्यंत?"

"काही महिने," डॉक्टर म्हणाल्या.

रविवारी रोह्याची मंडळी आली तेव्हा सरांचं नाक घरातल्या सगळ्यांच्या आधी बैठकीत पोचलं होतं. अद्वयचे वडील बाळकाका छताकडे बघत पोहे खात होते. ईरा वडिलांकडे रडवेल्या डोळ्यांनी बघत होती, आणि सरांना ते नाकापेक्षा जास्त झोंबत होतं. शेवटी अद्वयची आई, सरोजिनीबाई, बोलल्या.

"सर, राग मानू नका. तुम्ही सुपारीसुद्धा खात नाही असं मावशी म्हणाल्या, आमची खात्री पटली होती. पण याच आठवड्यात माझ्या भावाने तुम्हाला जोह्याच्या मिनिडोर रिक्षात तीनदा बघितलं. तोंडाला रुमाल, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी, आणि रुमाल सरकला की दिसणारं नाक रोज आदल्या दिवसापेक्षा लाल..."

"म्हणजे त्याआधी माझ्या नाकाबद्दल कुणाला काहीच वाटत नव्हतं?"

"तुमचं नाक कशाला कोण बघतंय?" सरोजिनीबाई खरोखरच चकित झाल्या.

सर उठले. डॉक्टरांचा कागद, उरलेली लुगदी आणि पॉलिश पेपर असा सगळा मुद्देमाल त्यांनी टीपॉयवर मांडला आणि लाज गुंडाळून पहिल्यापासून सगळं सांगितलं. 'बावन्न वर्षांची' ऐकून बाळकाकांना पोह्यांचा ठसका लागला. अद्वय त्यांच्या पाठीवर थापट्या मारता मारता स्वतःच हसून लोळायला आला. ईराने सुटकेचा निःश्वास टाकला.

सरोजिनीबाई मात्र पॉलिश पेपर हातात घेऊन कितीतरी वेळ बघत होत्या.

"दारूची शंका गेली," त्या सावकाश म्हणाल्या. "आता एकच विचारते. ही असली बुद्धी मुलीत तर उतरली नाही ना?"

"छे छे! ती अगदी माझ्यावर गेलीय," आसावरी ताडकन म्हणाली.

सव्वीस वर्षांच्या संसारात अंबरीश सरांनी बायकोचं हे म्हणणं एकदाही मान्य केलं नव्हतं. आता मात्र ते लाल नाकासकट जोरजोरात मान हलवत म्हणाले, "शंभर टक्के आईवर! माझं तिच्यात काहीसुद्धा नाही!"