मांदळचा खरा अर्थ

सासऱ्यांच्या नव्या घराला 'मांदळ' हे नाव ठरलं, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. खिडकीतून मांदळची डोंगररांग दिसते म्हटल्यावर त्या गावात दुसरं नाव सुचतच नसे. मांदळ टेलर्स, मांदळ लॉन्ड्री, मांदळ दातांचा दवाखाना, सगळं होतं. मांदळ म्हणजे काय, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं. पण सासरे कोर्टातून निवृत्त झालेले. दारावरच्या दगडी पाटीवर नावाखाली अर्थही कोरायचा, असं त्यांनी भर जेवणात जाहीर केलं.

"ढगांचं घर," धाकटा जावई लगेच म्हणाला.

हा धाकटा फोटोवाला. बोलणं मऊ, केस दाट. थोरल्या जावयाचं चष्म्यांचं दुकान होतं आणि केसांचं म्हणाल तर विषय न काढलेला बरा.

"अय्या, किती गोड!" थोरल्याची बायको म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोने आपल्या एखाद्या वाक्याला गोड म्हटल्याचं चष्मेवाल्याला आठवेना. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शिवाय ते वाक्य आता दगडात कोरलं जाणार आणि सासुरवाडीला येता-जाता जन्मभर वाचावं लागणार.

"साफ चूक," तो म्हणाला. "मांदळ म्हणजे ताठ मानेचा."

"कशावरून?" सासऱ्यांनी विचारलं.

कशावरून, हे अजून त्यालाही ठाऊक नव्हतं. "माझी आत्या डोंगरापलीकडे राहते ना. तिकडच्या जुन्या बोलीतला शब्द आहे."

"मग साक्ष घेऊ. रविवारी सगळेच जाऊ."

खोटं बोलावं तर पचेल एवढंच बोलावं, हे शहाणपण त्याला रविवारी सकाळी सुचलं. गाडी फोटोवाल्याची. बायकोला वळणांवर मळमळतं म्हणून ती पुढे, साडूच्या शेजारी. मेहुणी, म्हणजे फोटोवाल्याची बायको, तापाने घरी राहिलेली, त्यामुळे मागे चष्मेवाला आणि सासरे. मळमळणारी बायको वळणावळणाला खिदळत होती. माझ्या स्कूटरवर हिला नुसता खड्डा लागला तरी आठवडाभर ऐकवते, असं मनात म्हणत चष्मेवाला तिच्या अंबाड्याकडे बघत बसला.

चहाला गाडी थांबली, तसा तो टपरीमागे गेला आणि त्याने आत्याला फोन लावला. "आत्या, कुणी विचारलं तर सांग, मांदळ म्हणजे ताठ मानेचा. एवढंच. बाकी काही बोलू नकोस."

"बरं बाबा," आत्या म्हणाली.

आत्या शब्दाची पक्की. सगळे अंगणात पोचून बाजेवर टेकतात न टेकतात, तोच तिने विचारलं, "ढब्या, ते तू सांगायला सांगितलंस ते आत्ता सांगू की जेवल्यावर?"

बायकोने पदर तोंडाला लावला. 'ढब्या' हे नाव सासरी आजवर कुणाला माहीत नव्हतं, ते वेगळंच.

"साक्षीदार फितवला," सासरे म्हणाले. "बरं, आत्याबाई, तुम्हाला जे ठाऊक आहे ते सांगा."

"इकडे आम्ही अख्ख्या रांगेला मांदळ म्हणतच नाही. तो बोडका उंचवटा दिसतो ना, गवत कापायला जातो तिथे, तेवढाच मांदळ. बाकी नुसते डोंगर."

"आणि अर्थ?"

"नावाला कसला आलाय अर्थ? हाक मारायला असतं ते. आमच्या गाईचं नाव राणी आहे. रोज तिचं शेण मीच काढते."

चष्मेवाला तोंड धुवायच्या निमित्ताने परसात सटकला. पाठोपाठ फोटोवाला आला. हा आता सांत्वन करणार, या कल्पनेनेच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादा, ते ढगांचं घर मीच रचलं होतं," फोटोवाला हळूच म्हणाला. "काय करणार? घरी उठता-बसता तुमचंच कौतुक. ताईचे मिस्टर कधी आवाज चढवत नाहीत. ताईचे मिस्टर वेळेवर घरी येतात. एकदा वाटलं, आपणही काहीतरी बोलून दाखवावं. जळायचो हो तुमच्यावर."

चष्मेवाल्याच्या काळजाला गारवा वाटला. "आणखी काय म्हणते?"

"म्हणते, तुमचे कपडे नेहमी इस्त्रीचे."

"असं म्हणाली?"

"कितीदा."

त्याने ते सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून वदवून घेतलं. मग त्याला साडूचा कळवळाच आला. बिचारा पोरगा. एवढा जळतोय आपल्यावर, तर त्याला एक पाटी द्यायला काय हरकत आहे? थोरल्याने थोरपण दाखवायला हवं. फोटोवाला नळावर हातपाय धूत होता, तोवर हा तडक अंगणात गेला.

"बाबा, मी हरलो. ढगांचं घर हाच खरा अर्थ. मी स्वतः खात्री करून घेतली आहे. उद्याच कोरायला द्या."

सासऱ्यांची मान डोलली. बायकोही कौतुकाने बघू लागली. तेवढ्यात ओल्या पायांनी फोटोवाला आला आणि हात जोडून उभा राहिला.

"बाबा, माफ करा. मनाला लागून राहिलंय. तो अर्थ मी मनानेच बनवला होता. दादांना आत्ताच सगळं सांगितलं."

बायकोचे डोळे भरून आले. "किती सरळ मनाचा माणूस! नाहीतर आमच्याकडे..." एवढं बोलून तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे जावईबापू, खोटं आहे हे कळल्यावर तुम्ही खात्री दिलीत?"

चष्मेवाला खाली वाकून चपलेचा पट्टा लावू लागला.

"पाटीवर नुसतं नाव येईल," सासऱ्यांनी निकाल दिला. "आणि पाटीचं सगळं काम धाकट्यांकडे. ते खोटं बोलले तर निदान सांगतात तरी."

परतताना सासरे पुढे बसले. बायको मागे आली, पण खिडकीला चिकटून बसली आणि अख्खा रस्ता बाहेर बघत राहिली. घाट उतरल्यावर फोटोवाल्याने आरशातून साडूकडे पाहिलं.

"दादा, आज घरी पहिल्यांदा माझं कौतुक होणार. तुमच्यामुळे," तो म्हणाला. आणि तो ते अगदी मनापासून म्हणाला, हेच चष्मेवाल्याला सगळ्यात जास्त झोंबलं.