जरासं सरका

बोरी अरब गावच्या बशीरचाचांच्या स्टुडिओत फोटो काढायचा तर नवरदेवालाही डावीकडे सरकावं लागतं. मागच्या रंगवलेल्या पडद्यावर इस्तंबूलची मोठी मशीद आहे आणि तिच्या पायरीवर हिरव्या ओढणीतली बोटभर बाई. ती झाकलेली चाचांना चालत नाही. "जरासं सरका. हनुवटी खाली. श्वास रोखा." एकदा एक सरपंच सरकले नाहीत, तर चाचांनी फोटोच काढला नाही.

माझ्या शाळेपासून नोकरीपर्यंतच्या सगळ्या अर्जांवरचे फोटो त्यांचेच. म्हणून इस्तंबूलला इंग्रजी बोलायला सोबत चल म्हणाले, तेव्हा घरातला पहिला पदवीधर असलेला मी लगेच तयार झालो.

तिथं चाचांनी कॅमेरा बाहेरच काढला नाही. एक लांब गुंडाळी तेवढी छातीशी धरून फिरले. मशिदीला सहा मिनार पाहून हिरमुसले. पडद्यावर चारच होते. "दोन मागून बांधले असतीन," म्हणाले.

शेवटच्या सकाळी, विमानतळाची बस उभी असताना, त्यांनी मशिदीसमोरच्या कठड्याला ती गुंडाळी बांधायला घेतली. स्टुडिओतला पडदा! खऱ्या मशिदीपुढे रंगवलेली मशीद. पहारेकरी धावत आला आणि त्यानं पडद्याचं टोक धरलं. तो त्याच्या भाषेत ओरडत होता, मी माझ्या इंग्रजीत विनवत होतो, बस हॉर्न देत होती. चाचा गाठ सोडेनात.

"चाचा, पडदा जप्त होईल. खरी मशीद मागं आहे, तिच्यासमोर काढू."

"तिथं तुही चाची नाही न बापा," चाचा हळूच म्हणाले. "हे तिनं रंगवलं. पायरीवर सोताले बसवलं. म्हणे, तुम्ही तं मले नेऊन नाही राह्यले, मीच बसली जाऊन."

चाची गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. पडदा तिनं रंगवलेला, हे मला माहीतच नव्हतं.

मी पहारेकऱ्याला ती बोटभर बाई दाखवली, मग चाचांकडे हात केला. तो दोघांकडे पाहत राहिला. टोक सोडून त्यानं एक बोट वर केलं. एकच.

चाचांनी कॅमेरा माझ्या हाती दिला. "हनुवटी खाली, चाचा," मी म्हणालो. ते डावीकडे सरकले. पडद्याकडे वळून पाहिलं, आणखी सरकले. हॉर्न वाजला. मी बटण दाबलं.

बसमध्ये फोटो पाहिला. चाचांचा एक खांदा, एक कान आणि अर्धा चेहरा कापला गेला होता.

"चाचा, तुम्ही अर्धेच आलात."

त्यांनी कॅमेऱ्याची काच बाहीनं पुसली.

"ती तं पुरी आली न."