भट्टीची वीट

आमच्या समोरच्या दारातल्या गायकवाड काकांच्या हातात हात देणं म्हणजे परीक्षेला बसणं. दार उघडलं की ते कंपनीतला सुती हातमोजा काढतात, समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरतात आणि विचारतात, "गार की गरम?" गरम म्हटलं की "पास." गार म्हटलं की "रिजेक्ट. परत भट्टीत." चिखलीतल्या आमच्या सोसायटीत पेपरवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळे कधी ना कधी रिजेक्ट झालेले आहेत.

काकांचा सगळा जन्म भोसरीतल्या एका कंपनीत, लोखंड तापवायच्या भट्टीसमोर गेला. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात. काकांनी मोडीत निघालेल्या भट्टीची एक वीट मागून आणली. घड्याळ नुसतं वेळ सांगतं, वीट ऊब धरून ठेवते, असा त्यांचा हिशेब.

ऊब हा त्यांचा एकमेव विषय. साखरेचा आजार जुना, पायांपर्यंत रक्त धड पोचत नाही, त्यामुळे मे महिन्यातही तळवे गार. मग पायात आधी सुती मोजा, त्यावर ब्रेडची रिकामी पिशवी, त्यावर लोकरी मोजा. वाफेच्या पाइपाला असंच गुंडाळतात म्हणे. संध्याकाळी वीट गॅसवर तापवायची, जुन्या युनिफॉर्मच्या कापडात बांधायची आणि वर पाय ठेवून बातम्या बघायच्या. डॉक्टरांनी पायाला शेक द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. काकांचं म्हणणं, आगीशी माझी ओळख त्या डॉक्टरच्या वयापेक्षा जुनी आहे. मुलगी ज्योती सांगवीला असते. काकू गेल्यापासून ती न्यायला बघते. तर काका म्हणतात, नदीकाठी गारठा फार.

गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी मी तळवड्याहून कामावरून आले, कुकर लावला आणि वास आला. आधी मला वाटलं दूध. दूध फ्रिजमध्ये होतं. वास प्लॅस्टिकचा होता आणि समोरून येत होता.

काकांनी दार उघडलं, तेही अर्धंच. हातमोजा काढला नाही, हात मागितला नाही.

"काही नाही ताई, आमटी लागली."

त्यांच्या मागे ओटा दिसत होता. ओट्यावर भांडं नव्हतं. खाली पांढऱ्या फरशीवर खुर्चीपासून दारापर्यंत ओलसर ठसे होते, एकाच पायाचे.

मी दार ढकललं आणि त्यांना खुर्चीत बसवलं. लोकरी मोजा निघाला. खालची पिशवी वितळून सुती मोज्याला चिकटली होती. ओढायची हिंमत झाली नाही. कात्रीने कडेकडेने कापत गेले, जिथे चिकटलं होतं तिथे हात लावला नाही. टाचेवर पापडाएवढा फोड आला होता आणि फुटला होता. काका वाकून बघत होते, शेजाऱ्याचा पाय बघावा तसे.

"दुखतंय?"

"नाही ना," ते म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे." मग हळूच, "ज्योतीला सांगू नका. नेईल मला."

मी ज्योतीला त्यांच्यासमोरच फोन लावला. घरचा गॅस बंद केला, मग रिक्षा.

दवाखान्यात डॉक्टर बराच वेळ कापसाने टाच पुसत राहिले. मग म्हणाले, जखम भरली तर पाय राहील, चिघळली तर सांगता येत नाही. काकांनी मान हलवली आणि विचारलं, वीट कधीपासून वापरू? डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

परत येताना रिक्षात त्यांनी माझा हात धरला. "गार की गरम?"

मी वैतागले होते. म्हटलं, "आज तुम्हीच सांगा."

सिग्नल सुटला. ते बाहेर बघत म्हणाले, "बोटांतली जाणीवही गेलीय, ताई. म्हणून तर विचारत असतो. लोक सांगतात, तेवढंच कळतं."

पाय राहिला. आठवडे गेले, ज्योतीने रोज येऊन ड्रेसिंग केलं, दोघांची भांडणं झाली, पण पाय राहिला. काकाही इथेच राहिले, एका अटीवर. वीट आमच्याकडे, माळ्यावर.

त्यामुळे संध्याकाळी काका विटेची चौकशी करायला येतात. ती बरी आहे असं मी सांगते. ते बसतात, हातमोजा काढतात, हात पुढे करतात. आता मी प्रश्नाची वाट बघत नाही.

"माझा गरम. तुमचा गार."

"म्हणजे मी रिजेक्ट," काका म्हणतात.

"परत भट्टीत," मी म्हणते आणि त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवते. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतो. नवऱ्याला सांगून ठेवलंय, गॅस त्याने बंद करायचा.