शिफारस समिती आणि जांभळाचा डाग

एका जंगलात एक शाळा होती, उंबराच्या झाडाखाली भरायची. चुळबुळ करू नका. शाळेचं नाव काढलं की तुमचं हे सुरू होतं. परीक्षा नाही घेणार मी, नुसतं ऐकायचंय.

तर त्या जंगलाच्या राजाला, म्हणजे सिंहाला, एकदा वाटलं की हल्लीची पिल्लं वाचत नाहीत. सिंह स्वतः काही वाचत नसे, पण काळजी करायला वाचावं लागत नाही. त्याने लगेच बालपुस्तक शिफारस समिती नेमली. कपाळ रुंद म्हणून रानगवा अध्यक्ष झाला आणि पांढराशुभ्र म्हणून बगळा चिटणीस.

पहिल्याच बैठकीत प्रश्न आला, पुस्तकं वाचून ठरवायची की कसं? गवा म्हणाला, वाचलं की मन एका बाजूला झुकतं, मग निःपक्षपातीपणा कुठे राहिला? बगळ्याला हे फार पटलं. मग त्यानेच तोड काढली. पुस्तकं पावसाळाभर शाळेत ठेवायची आणि मग परत घेऊन तपासायची. जे कोरं करकरीत परत येईल ते संस्कारक्षम. ज्याची पानं दुमडली, ज्यावर डाग पडले, ते पिल्लांना बिघडवणारं.

त्या शाळेत खारबाई शिकवायच्या. शेपटी झुपकेदार आणि जीव पिल्लांत अडकलेला. त्यांच्याकडे पुस्तकांचा गठ्ठा आला. ‘थोर कासवांची बालपणं’ होतं, ‘मोठ्यांपुढे शेपटी कशी धरावी’ होतं, आणि अगदी तळाशी ‘डबक्यातला दरोडा’ नावाचं एक चिटुकलं पुस्तक होतं.

थोर कासवांचा उपयोग झाला, नाही असं नाही. उंच फांदीवरचा डबा काढायला पिल्लं त्यावर उभी राहायची, आणि तेसुद्धा पाय पुसून.

पण ‘डबक्यातला दरोडा’ कधी जागेवर सापडेना. सशाने त्याचा कोपरा कुरतडला. माकडाने जांभळं खाता खाता वाचलं, म्हणून मुखपृष्ठावर हा एवढा डाग. एका पानावर हरणाचं पाडस रडलं होतं, ते पान कायमचं फुगलं.

आता भोपूबद्दल सांगते. भोपू म्हणजे अस्वलाचं पिल्लू. त्याला अक्षरं काही केल्या जुळत नसत. बरोबरची पिल्लं वरच्या वर्गात गेली, हा आपला तिथेच. त्याची आई म्हणायची, बाई, याला मध काढायला लावते, वाचणं काही याच्या नशिबात नाही. खारबाईंना ते फार लागायचं. आणि तोच भोपू एके दिवशी दरोड्याचं पुस्तक घेऊन बसला. एकेका अक्षरावर बोट ठेवत, घामाघूम होत, पान उलटत राहिला. छोटा बेडूक मडक्यात लपलाय आणि साप झाकण ढकलतोय, इथवर आला, आणि नेमकी समिती उंबराखाली येऊन उभी राहिली.

बगळ्याने ते पुस्तक दोन नखांत उचललं आणि नाक मुरडलं. गव्याने कपाळाला आठ्या घातल्या.

खारबाई पुढे आल्या. “अध्यक्षसाहेब, पिल्लांनी वाचलंय म्हणून त्याची ही दशा झालीय.”

“तेच म्हणतोय मी,” गवा म्हणाला. “वाचलं नसतं तर असं झालं असतं का?”

भोपूने हळूच विचारलं, “बेडूक वाचतो का हो?”

गव्याने बगळ्याकडे पाहिलं, बगळ्याने आभाळाकडे. दोघांनाही ठाऊक नव्हतं. बगळ्याने शेरा मारला की या पुस्तकामुळे पिल्लं मोठ्यांना प्रश्न विचारू लागलीत, आणि पुस्तक शाळेमागच्या खड्ड्यात फेकून दिलं. थोर कासवं आणि शेपटीचं पुस्तक शिफारस मिळून कपाटात गेली.

समितीची पाठ वळली तसा भोपू खड्ड्यात उतरला. संध्याकाळी नाकाला चिखल लावून वर आला तो धावत खारबाईंकडे. “बाई, वाचला! सापाचंच तोंड मडक्यात अडकलं.” एवढं एक पुस्तक त्याने शेवटापर्यंत वाचलं होतं. खारबाईंना रडूच आलं. आनंदाचं रडू हो, घाबरू नका.

त्या दिवसापासून बाई शहाण्या झाल्या. पुढच्या खेपेला पुस्तकं आली की आधी स्वतः वाचायच्या. जे आवडेल त्याबद्दल समितीला कळवायच्या की हे अत्यंत घातक आहे, ताबडतोब फेकावं. समितीला वाटलं, काय कडक बाई आहेत! पुस्तकं भराभर खड्ड्यात पडू लागली आणि पिल्लं त्यांच्यामागे. भोपू तर आता बोट न ठेवता वाचायचा. शाळा सुटली तरी खड्ड्यातून हसण्याचे आवाज यायचे.

आणि इथेच घात झाला. सिंहाची स्वारी तिथून चालली होती. त्याने खड्ड्यात डोकावून पाहिलं. अख्खी शाळा वाचत बसलेली. तो भलताच खूष झाला. हे कोणी केलं, म्हणून त्याने विचारलं. गवा पुढे झाला आणि नम्रपणे म्हणाला, “आमच्या समितीने.”

मग काय विचारता. खड्ड्याचा सत्कार झाला. पुस्तकं वर काढून पुसली, त्यांना कव्हरं घातली, एकूण एक पुस्तकाची शिफारस झाली. नवं काचेचं कपाट आलं, कुलूप आलं. किल्ली बगळ्याकडे गेली. खारबाईंनी फार विनवण्या केल्या, पण त्यांच्या गळ्यात हार घालून त्यांना खाली बसवलं.

भोपूचं एक पुस्तक अर्धंच राहिलं होतं. काचेतून त्याला ते दिसत होतं. त्याने बगळ्याला विचारलं, “पुढे काय होतं?”

“पुढे काही होत नाही,” बगळा म्हणाला. “ते आता शिफारसप्राप्त आहे.”

भोपूने काचेला नाक टेकवलं. मग त्याने कपाटावरची पाटी मोठ्याने वाचली. कुठेही अडखळला नाही.

“हात लावू नये.”

तात्पर्य: मुलांनो, एखादं पुस्तक मनापासून आवडलं, तर मोठ्या माणसांकडे त्याची भरपूर निंदा करा. आणि वाचताना हसू आलं, तर आधी आजूबाजूला कोणी पाहत नाही ना, ते बघा.