लाल चौकटीतले अकरा

प्लासिड लोपीस सर दुपारच्या झोपेतून उठले, टेबलाकडे गेले आणि जागच्या जागी थिजले. वहीचं पान निळं झालं होतं. निळ्या शाईत लिहिलेलं असायचं ते वेगळं, इथे अख्खं पानच निळं झालं होतं! सोमवार मंगळवारात उतरला होता, शुक्रवार-शनिवार एकमेकांत विरघळले होते, आणि रविवारच्या जागी नुसतं आभाळ उरलं होतं.

"अरे देवा! अरे माझ्या देवा!" सर म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले. खुर्चीही ओली होती.

गुन्हेगार समोरच होता. सकाळी आगाशीच्या बाजारातून हौसेने आणलेला माठ. नवा माठ पहिले दोन दिवस पाझरतो, हे सरांनी आजवर साठ उन्हाळ्यांत साठ वेळा पाहिलं होतं. पण खिडकीत वारा येतो, वाऱ्याने पाणी गार होतं, आणि खिडकीशी टेबल आहे. तेव्हा माठ टेबलावर! मग सरांनी त्यात वाळ्याची जुडी सोडली, बशीतले चार पांढरे जाम मीठ लावून खाल्ले, पेनात शाई भरली, आठवड्याच्या पानावरून एकदा प्रेमाने नजर फिरवली आणि वही उघडी टाकून आडवे झाले. उन्हाळ्यात माणसाला आणखी काय लागतं हो? शाई मात्र शाळेपासूनची तीच, कपड्यावर पडली तर साध्या पाण्याने जाते अशी. शाईचा हा गुण सर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत.

आता कोणी म्हणेल, एक पान भिजलं तर एवढं काय? ज्यांना असं वाटतं त्यांना सर माहीत नाहीत. छत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या या माणसाकडे बिस्किटाच्या जुन्या डब्यात अकरा शाईची पेनं होती आणि दर वर्षाची एक नियोजनाची वही. दुधाच्या वेळेपासून शेजाऱ्याच्या वाढदिवसापर्यंत सगळं त्यात. आणि सरांचा एक सिद्धान्त होता, "एकदा लिहिलं की डोकं रिकामं. लक्षातच ठेवायचं, तर मग लिहायचं कशाला?" सिद्धान्त त्यांनी इतका इमानाने पाळला होता की खरोखरच त्यांच्या काही लक्षात राहत नसे.

तरी सगळं पान गेलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. पण रविवारच्या निळ्या आभाळात एक लाल चौकट शाबूत होती. तिच्यात "११", आणि खाली तीन रेघा. ते लाल पेन्सिलीचं काम, ते पाण्याला दाद देत नाही. लाल चौकट म्हणजे जीव गेला तरी चुकवायचं नाही असं काम. मर्लिनच्या, म्हणजे लेकीच्या, लग्नाला लाल चौकट होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला होती. रविवारी अकरा वाजता असंच काहीतरी होतं. पण काय? कोणाकडे? सरांनी डोक्याला ताण दिला. सिद्धान्ताप्रमाणे डोकं रिकामं होतं.

"बायकोला, सुझानला विचारावं का?" असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण पैज! जानेवारीत मर्लिनने नवा फोन आणून दिला होता. त्यात सगळी कामं आपोआप आठवतात, वेळेवर घंटा वाजते. सरांनी फोन डबीत घालून कपाटात ठेवला. तेव्हा सुझान म्हणाली होती, "आणि तुमची वही चुकली तर?"

"माझी वही? चुकेल?" सर उसळले होते. "वहीत लिहिलेलं एक काम जरी चुकलं ना सुझान, तर पेनांचा डबा तुझा. मी जन्मभर फोन वापरीन आणि बॉलपेनने सही करीन!"

मर्लिनसमोर, जावयासमोर बोलले होते. बोलून बसले होते म्हणा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुझानचा आवाज आला. "अहो, ऐकलं का? रविवारी मला रोवेनाकडे जायचंय, लक्षात आहे ना?" रोवेना म्हणजे तिची नालासोपाऱ्याची बहीण.

"हो हो," सर न ऐकताच म्हणाले आणि वही सदऱ्याखाली लपवली. पोटाला गार लागलं.

त्यांनी ठरवलं, सरळ कोणाला विचारायचं नाही. विचारलं की संध्याकाळपर्यंत सुझानच्या कानावर. नुसतं "रविवारी अकरा" म्हणायचं आणि समोरच्याचं तोंड बघायचं. ज्याच्याकडे काम असेल तो आपणच बोलेल.

बुधवारी शेजारचा फर्डिनंड केळीला पाणी लावताना दिसला. सर कुंपणाशी गेले, सहज म्हणाले, "काय फर्डिनंड, रविवारी अकरा ना?"

फर्डिनंडच्या हातातला पाइप सुटला. पाणी सरांच्या पँटवर गुडघ्यापर्यंत आलं.

"सर! तुम्हाला कोणी सांगितलं?"

"म्हणजे... कळलं."

"अहो, घरात आम्ही दोघं सोडलं तर कोणाला पत्ता नाही! धाकटीला बघायला येतायत. मुलगा बोळिंजला राहतो, कॉम्प्लेक्समध्ये. आजवर दोनदा बाहेर फुटलं आणि दोनदा मोडलं, म्हणून या वेळी भिंतीलाही नाही सांगितलं. आणि तुम्हाला कळलं?" फर्डिनंडचा आ वासलेलाच होता. मग त्याने सरांचे दोन्ही हात धरले. "आता कळलंच आहे तर तुम्हीच मोठे म्हणून बसा. नाही म्हणू नका. तुम्ही असलात तर बोलणी मोडणार नाहीत."

सर हबकून परत आले. फर्डिनंडने कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे लाल चौकट याची नव्हती. पण अकरा वाजता एक काम मात्र झालं.

गुरुवारी चर्चच्या आवारात फादर युजीन भेटले. सरांनी घसा साफ केला. "फादर, रविवारी अकराला..."

"सर!" फादरांनी त्यांना मिठीच मारली. "तुम्हाला देवाने पाठवलं! मुलांच्या उन्हाळी शिबिराचा शेवटचा दिवस, आणि गोष्टी सांगायला येणारे पाहुणे आत्ता पाच मिनिटांपूर्वी फोन करून नाही म्हणाले. मी इथे डोकं धरून उभा आणि तुम्ही आपण होऊन! बावीस मुलं आहेत. दोन गोष्टी पुरे."

पाच मिनिटांपूर्वी! म्हणजे हेही ते नव्हतं. पण फादरांना काय सांगणार, की मी त्यासाठी आलोच नव्हतो?

शुक्रवारी त्यांनी तोंड न उघडण्याचं ठरवलं. पण वाटेत स्टॅनी आणि आग्नेल हे सख्खे भाऊ रस्त्यातच भांडत होते. बांधावरच्या जामाच्या झाडाचं भांडण. खोड स्टॅनीकडे, फांद्या आग्नेलकडे. सर थांबले. फक्त थांबले हो! सवयीने तोंडातून गेलं, "रविवारी अकराचं काही..."

"ऐकलंस?" स्टॅनी भावाकडे वळला. "सर म्हणतात रविवारी अकराला सोडवू. मला मान्य."

"मलाही मान्य," आग्नेल म्हणाला. "सर सांगतील ते."

आठ वर्षं न सुटलेलं भांडण, आणि दोघं एका दमात मान्य! सर पांढरे पडले. आधी एक हरवलेलं काम होतं, आता तीन सापडलेली आणि एक हरवलेलं. सगळी एकाच अकराला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

शनिवारी दिवसभर सर येरझारा घालत होते. चार वाजता, माठातलं पाणी पिता पिता, त्यांना सुचलं. माठ आता पाझरायचा थांबला होता, मेला! सर चार ठिकाणी जाऊ शकत नव्हते. पण तिघं एका ठिकाणी येऊ शकत होते. सगळ्यांना आपल्याच वाडीत बोलवायचं! आणि चौथा, तो लाल चौकटवाला? सर आले नाहीत म्हणून तो शोधत शोधत घरीच येईल. आला की म्हणायचं, "या, तुमचीच वाट बघत होतो." वही जिंकली!

सगळे खूश झाले. फर्डिनंडच्या घरात रंगाचं काम काढलं होतं, त्याला उलट बरंच झालं. फादर म्हणाले, आंब्याखाली मुलांना मोकळं वाटेल. स्टॅनी-आग्नेलला तिऱ्हाइताची जागाच हवी होती. खूश नव्हती ती एकटी सुझान.

"बावीस मुलं, बघायला येणारी माणसं आणि दोन भांडखोर? आपल्या घरी? उद्या?" तिचा आवाज चढत गेला. "मी रोवेनाला काय सांगू? आणि हे असं तुमच्या वहीत होतं?"

"लाल चौकटीत!" सर ठासून म्हणाले. ते खोटंही नव्हतं.

सुझानने बहिणीला फोन करून नाही कळवलं आणि तीन किलो रवा भाजायला घेतला.

रविवारी चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून दोघं परत आली. साडेदहापासून माणसं जमू लागली. मुलं आंब्यावर चढली. बोळिंजची मंडळी गाडीतून उतरली, आणि नवऱ्या मुलाने गोंधळून फर्डिनंडऐवजी स्टॅनीलाच नमस्कार केला. सरांचे डोळे फाटकाकडे लागले होते. चौथा येईना. अकराला दहा कमी, पाच कमी. कोण असेल? कोणाचा जीव टांगणीला लागला असेल?

"अहो, जरा आत या," सुझानची हाक आली.

ती खोलीत आरशासमोर उभी होती. पावडरचा डबा हातात तसाच. आरशाच्या कडेला तिचं प्रार्थनेचं पुस्तक होतं, आणि त्यातून गुलाबी टीपकागद डोकावत होता.

"हा तुमचा कागद. मागे टेबलावर पडला होता, मी खूण म्हणून पुस्तकात घातला," ती म्हणाली. "आत्ता आरशात दिसला. वाचा."

महत्त्वाचं काम लिहिलं की ते त्यावर कोरा टीपकागद दाबत. कागदावर अक्षरं उलटी उठतात, आणि आरशात ती सरळ दिसतात! इतकी वर्षं शाई वापरून हे आपल्याला कसं सुचलं नाही? त्यांनी कागद पुस्तकातून ओढून आरशासमोर धरला. अक्षरं पुसट होती, पण वळण त्यांचंच.

सुझाननेच मोठ्याने वाचलं. "रविवार, अकरा. सुझान रोवेनाकडे. घरात मी एकटा. फाटकाला कडी. नवी शाई, गार पाणी, बशीभर जाम. संध्याकाळपर्यंत काहीही करायचं नाही. कोणीही आलं तरी दार उघडायचं नाही."

बाहेर बावीस मुलं ओरडत होती.

"अगं, म्हणजे तू नसताना मजा, असा त्याचा अर्थ नव्हे," सर चाचरत म्हणाले.

"किती वाजले?"

"अकरा."

"तुम्ही एकटे आहात?"

"नाही."

"फाटकाला कडी आहे?"

सरांनी खिडकीतून पाहिलं. फाटकावर चार मुलं झोके घेत होती. "नाही," ते म्हणाले.

"मग वहीतलं काम चुकलं." सुझानने बिस्किटाचा डबा उचलून पिशवीत टाकला. मग सरांच्या खिशातलं पेनही काढून घेतलं. "शिरा पातेल्यात आहे. बशा खालच्या कप्प्यात. मी चालले रोवेनाकडे. तेवढं तरी वहीप्रमाणे होऊ दे."

आणि ती गेली हो! खरंच गेली. सर सुन्न होऊन दारात उभे. पण उभं राहायला वेळ कोणाला होता? त्यांनी मुलांना दोन गोष्टी सांगितल्या, जामाच्या झाडाची फळं एक वर्ष स्टॅनीला आणि एक वर्ष आग्नेलला दिली, पाहुण्यांच्या मुलाला चार प्रश्न विचारले आणि पन्नास बशा शिरा वाढला. साडेबाराला फर्डिनंड घामाघूम होऊन धावत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सर, जमलं! नोव्हेंबरची तेवीस तारीख. ते म्हणतात, सरांनीच आपल्या त्या पेनाने, आपल्या हाताने लिहून द्यावी. शुभ होईल."

सरांचा हात खिशाकडे गेला आणि तसाच राहिला. फर्डिनंडला वाटलं, सर भारावले. त्याने स्वतःच्या खिशातलं बॉलपेन काढून त्यांच्या हातात दिलं. "हे घ्या, काही हरकत नाही."

सर टेबलाशी बसले. माठ शेजारीच होता. त्यांनी तारीख लिहिली, खाली सही केली. मग कोणाचं लक्ष नाही असं बघून माठातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि अक्षरांवरून एकदा, दोनदा चांगलं दाबून फिरवलं. एक अक्षरही फुटलं नाही. त्या सगळ्या दिवसात सरांना वाईट वाटलं ते याचंच.