हिराकाकीचं दुसरं लिव्हर

आमच्या शेजारच्या हिराकाकीला दोन लिव्हर आहेत. एक तिच्या पोटात, दुसरं नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत. पोटातल्याची ती कधी विचारपूस करत नाही. नवी मुंबईतल्याची मात्र रोज.

झालं असं, की दिवेआगरला माझ्या होमस्टेत मानसी नावाची संशोधक मुलगी उतरली होती. रक्तातल्या पेशींना पुन्हा बाळ करायचं, म्हणजे स्टेम सेल, आणि त्या बाळांना लिव्हरच्या पेशी व्हायला शिकवायचं, हे तिचं काम. काकी तेव्हा अंगणात सुके बोंबील विकायला बसली होती. "माजं घ्या की रगत. दारूचा थेंब न्हाय लागलेला," म्हणाली, आणि खरंच नवी मुंबईला जाऊन, सही करून रक्त देऊन आली.

दारूवर काकीचा दात. यजमान दारूपायीच गेले. तेव्हापासून खोकल्याचं औषधसुद्धा ती आधी हुंगून बघते. माझ्या पाहुण्यांच्या बाटल्या तिनं किती वेळा माडाच्या आळ्यात ओतल्यात. "माड झिंगला तर झिंगू दे, त्याला बायको न्हाय," हे वर उत्तर.

दुसऱ्या लिव्हरची बातमी फुटली आणि गावाच्या उत्साहाला ऊत आला. उपसरपंचांनी नाक्यावर बॅनर लावला. त्यात काकी टपालाच्या तिकिटाएवढी आणि उपसरपंच पुरुषभर, हात जोडून. दिवसाढवळ्या तर्र असणारा आमचा बबन काकीच्या ओट्यावर येऊन म्हणाला, "काकी, एक माज्या नावावर ठेव." आणि बुकिंग पक्कं झाल्यासारखा त्या दिवशी दुप्पट प्यायला. बशीतल्या पेशी म्हणजे लिव्हर नव्हे, माणसाच्या अंगात घालायला अजून पुष्कळ अवकाश आहे, असं मानसीनं फोनवर परोपरीनं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

पेशींना ताजं खाद्य द्यावं लागतं हे कळल्यापासून काकीचा जीव तिकडंच. फोन करून विचारायची, "जेवली काय ती बाळं?" संकष्टीला तर ताकीदच असायची, "आज त्यांना मावरं घालू नका, उपास हाय."

गणपतीनंतर मानसी पुन्हा आली. पेशी तयार झाल्या होत्या. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. काकीनं पदरानं काच पुसून नीट पाहिलं. "माज्यावरच गेल्यात," म्हणाली. मग विचारलं, "आता काय करनार त्यांचं?"

मानसीला खोटं बोलता येत नाही. "दारू घालून बघायचीय, काकी. दारूनं लिव्हर कसं बिघडतं ते समजायला. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही घालणार."

मी हळूच काकीसमोरची बोंबलांची टोपली तिच्या हातापासून लांब सरकवली.

पण काकीनं टोपलीकडं पाहिलंसुद्धा नाही. मग म्हणाली, "आमचं मानूस शेवटी मना वळखीत नव्हतं. घान घान शिव्या घालायचा. उभ्या जन्मात त्यानं मना 'अगो'शिवाय हाक न्हाय मारली. त्या शिव्या त्याच्या व्हत्या, का लिवरच्या?"

मानसीनं तिचा हात धरला. "लिव्हर बंद पडलं की अंगातलं विष डोक्यात चढतं, काकी. मग माणूस आपल्या ताब्यात राहत नाही. त्या शिव्या त्यांच्या नव्हत्या."

इतकी वर्षं ही बाई हे उरात घेऊन बसली होती.

काकीनं पदरानं डोळे पुसले. "मंग पाजा," ती म्हणाली. "पन हळूहळू पाजा, पोरी. एकदम नको."