कमलताईंचा कान

सकाळी पावणेनऊला कमलताई वानखडे आमच्या बालवाडीच्या फाटकावर उभ्या असतात आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाचा डबा कानाशी नेऊन हलवतात. मग निकाल लागतो. "पोहे. सुकून गेले." "बिस्किटं. आई उठली नाही वाटते आज?" एका वडिलांना तर त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "नूडल्स हाय. आवाजच नाही त्याले, तं ताकद कुठून असंन?" ते गृहस्थ हल्ली गाडी कोपऱ्यावरच थांबवतात आणि फाटकापर्यंत बायकोला पाठवतात.

कान मात्र कधी चुकत नाही. हे मी म्हणत नाही. ताईच दर आठवड्याला म्हणतात. आपण चुकलो, हे वाक्य त्यांच्या अभ्यासक्रमातच नाही.

मी या बालवाडीची व्यवस्थापक. माझ्याकडे सगळ्याच्या याद्या असतात. कमलताईंच्या तक्रारींना वेगळी वही आहे, कारण पहिल्या वहीत इतर शिक्षिकांना जागा उरेना.

गेल्या ऑक्टोबरात मुख्य कार्यालयानं आम्हाला शरद ऋतूचा आठवडा पाठवला. खोक्यात भरून. लाल-पिवळी मेपलची कागदी पानं, पुठ्ठ्याचे भोपळे, खारीचे मुखवटे आणि एक लोकरीचा मफलर. इकडे आमचे कूलर अजून चालू होते. सोमवारी मुलांनी मॉन्टेसरी शिस्तीत, आपापल्या चटईवर बसून, पानं रंगांप्रमाणे लावली. आठवड्याचं काम पाच मिनिटांत संपलं. उरलेल्या वेळात त्यांनी ती पानं कूलरसमोर धरून उडवली. याला स्वयंशिक्षण म्हणतात.

"मोठ्या मॅडम, हे झाड नागपुरात कुठं हाय?" कमलताईंनी विचारलं. "दाखवा. पोरायले घेऊन जाऊ."

"कार्यालयाचा आदेश आहे, ताई."

"मंग कार्यालयाले इचारा, शिंगाडा पाह्यला का म्हणा कधी."

मंगळवारी त्या झाकणबंद स्टीलचा डबा घेऊनच आल्या. भुलाबाईचे दिवस होते. पुण्याकडच्या वाचकांना भोंडला माहीत असतो. भुलाबाई ही त्याची विदर्भातली बहीण. मुली जमतात, गाणी म्हणतात, आणि घरच्या बाईनं डब्यात लपवलेली खिरापत डबा हलवून ओळखतात. आमच्याकडे आवाज ओळखायच्या लाकडी डब्या आहेतच, विकत घेतलेल्या. ताईंचं म्हणणं, त्यातलं खाता येत नाही, तर पोरं कान काहून देतील?

नियम एकच. प्रत्येकानं ओळखायचं. एकही राहिलं तर डबा उघडायचा नाही.

डबा फिरत फिरत स्वराकडे आला. स्वरा साडेतीन वर्षांची. हात बिनचूक, चटईची घडी माझ्याहून नीट. पण जूनपासून तिनं शाळेत एक शब्द उच्चारला नव्हता. घरी बडबड थांबत नाही, असं आई सांगायची. मी मात्र व्यवहारी बाई. 'दिवाळीनंतर तिला दुसऱ्या शाळेत घालावे' असं पत्र माझ्या खणात तयार होतं, शनिवारी आईला द्यायचं. कमलताईंना ते ठाऊक होतं.

स्वरानं डबा हलवला, नीट ऐकलं, आणि पुढे सरकवला.

डबा उघडला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. सतरा मुलं खिरापतीवाचून घरी गेली आणि सतरा घरांतून मला फोन आले.

"तिला सोडा ना एकटीला," मी म्हटलं.

"काहून? ती पाहुणी हाय का? आज सोडलं तं ती बाहेरच बसली म्हणून समजा."

गुरुवारीही तेच झालं. दुपारी मी तक्रारींची वही घेऊन थेट हुडकेश्वरला, ताईंच्या फ्लॅटवर गेले. बोलायचे सात मुद्दे लिहून नेले होते. दार उघडंच होतं. स्टुलावर भुलाबाईची मातीची मूर्ती मांडलेली, समोर आठ आसनं ओळीनं. सगळी रिकामी.

"बिल्डिंगच्या पोरी येतात," ताई घाईनं म्हणाल्या. "सध्या ट्यूशन हाय त्यायले. येतील."

आसनांवर एक सुरकुती नव्हती. मी एका आसनावर बसले. त्यांनी मला डबा हलवायला दिला. मी खोबरं म्हटलं, निघाले फुटाणे. "तुमचा कान कच्चा हाय," त्या म्हणाल्या, आणि मला दोन वाट्या वाढल्या. सातही मुद्दे वहीतच राहिले.

शुक्रवारी सकाळी फाटकावर स्वरानं आपला डबा नेहमीसारखा पुढे केला नाही. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, ताई वाकेपर्यंत थांबली, आणि त्यांच्या कानाशी खडखड वाजवला. आतले शेंगदाणे मला चार पावलांवरून कळले. कच्च्या कानानं.

कमलताईंनी डोळे मिटले. "खारका."

स्वरानं मान हलवली.

"मंग बत्तासे."

पुन्हा नकार. मागे पालकांची रांग लागली होती. कोणीतरी खुदकन हसलं.

"समजलं! साबणाची वडी हाय. आंघोळ राह्यली वाटते तुही."

"नाही!" स्वरा ओरडली. "शेंगदाणे हायेत! शेंगदाणे! तुले ऐकू नाही येत का?"

स्वराच्या आईनं स्कूटरचा आरसा घट्ट धरून ठेवला. मग नूडल्सवाले गृहस्थ, जे नेमके त्या दिवशी आले होते, मोठ्यानं म्हणाले, "गेला ताईंचा कान!" आणि सगळी रांग हसली. इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायला मिळाला होता. कोणी सोडलं नाही.

"हरली बाई मी," कमलताई म्हणाल्या. "शेंगदाणे कसे वाजतात, दाखव बरं अजून एक डाव."

स्वरा दाखवत होती, समजावत होती, रागावत होती. मी आत जाऊन पत्र फाडलं. त्या दिवशी खिरापतीचा डबा उघडला.

शाळा सुटायच्या वेळी एक आई खरोखरच्या काळजीनं पुढे आली. या वयात असं होतं ताई, वेळेवर दाखवलेलं बरं, असं म्हणून तिनं कानाच्या डॉक्टरांचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. मी ताईंकडे पाहिलं. आता ही बाई तिला फाडून खाणार, अशी माझी खात्री होती.

ताईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"बरं झालं सांगितलं वं," त्या म्हणाल्या. "लवकरच जाऊन येईन."